आक्काने सांगितलेली मालिका

आक्काच्या पडद्यांच्या कारखान्यात टीव्ही होता, पण तो बघायला नव्हता, ऐकायला होता.

कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या मागची लांबट खोली. दोन रांगांत सहा शिलाई मशिनी, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे, कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल, आणि सगळ्यांच्या पुढे, वर्गात मास्तरांचं असतं तसं, आक्काचं कापायचं टेबल. टेबलामागे आक्काची खुर्ची, खुर्चीमागे भिंत, आणि भिंतीवर, आक्काच्या डोक्याच्या हातभर वर, टीव्ही. म्हणजे मशिनीवरच्या बायकांची तोंडं टीव्हीकडे आणि आक्काची पाठ टीव्हीकडे.

तो तिथे लावला मुलाने. विजेचं बटण तिथेच होतं आणि खिळाही तिथेच बसला. आक्काने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "डोळे कापडावर, कान टीव्हीवर. मान वर केलेली दिसली तर दिवसभराची शिलाई उसवून परत घालायला लावीन." बायका आपसात बोलत बसल्या की हात थांबतात, मालिका ऐकत बसल्या की हात चालू राहतात, हे तिचं गणित. गणित बरोबर होतं. फक्त आक्का स्वतः कात्री चालवायची तेव्हा तिचीही मान खाली असायची, आणि मान खाली असलेल्या माणसाला समोरच्यांच्या माना दिसत नाहीत, एवढं त्यात धरायचं राहून गेलं होतं.

बायका तयार झाल्या होत्या. कात्रीचा करकर आवाज चालू असेतो वर बघायचं, आवाज थांबला की खाली. पण मालिकेत काही भयंकर चाललेलं असलं की त्यांचं भान सुटायचं. मग आक्काने मान वर करावी तर सगळ्या तिच्याकडेच बघत असायच्या. डोळे मोठे, तोंडं अर्धी उघडी, एकीचा हात छातीवर.

"माझ्याकडे काय बघताय? मी खाणार आहे का तुम्हाला?" आक्का खेकसायची.

सगळ्या दचकून मशिनीत तोंड घालायच्या. आक्का मनातून सुखावायची. असा धाक दुसऱ्या कुठल्या कारखान्यात होता? लोक पगार देऊन माणसं ठेवतात, आणि ती माणसं मालकासमोर च्युइंगम चघळत उभी राहतात. इथे नुसती मान वर केली तर बायांना घाम फुटत होता.

शाळा आक्काने दुसरीत सोडली. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "शाळेला माझ्यापुढे शिकवायला काही उरलं नाही." पण मालिका तिच्याइतक्या कोणाच्या झाल्या नव्हत्या. सकाळी कुलूप काढल्यापासून संध्याकाळी कापडाच्या चिंध्या झाडून काढेपर्यंत एकामागून एक. त्यामुळे उन्हाळा लागला, शाळा सुटल्या, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसेना झालं, की सगळ्या गल्लीला आक्काची आठवण व्हायची. "आक्का, सुट्टीत काय बघू? काहीतरी चांगलं सांगा."

आक्का सांगायची. पण डॉक्टर तपासल्याशिवाय गोळी देत नाही, तसं माणूस बघून सांगायची. शिक्षिकेला सांगितलं, "'सात खिडक्यांचं घर' बघा. खून कोणी केला ते शेवटपर्यंत कळत नाही. तुम्हाला सगळं आधीच माहीत असल्याची सवय आहे, जरा मोडेल." घड्याळजीच्या बायकोला सांगितलं, "'पाहुणे गेलेच नाहीत' बघ. हसून हसून पोट दुखेल. तुझ्या घरात तेच चाललंय, पण निदान दुसऱ्याच्या घरात तरी हसशील." शेजारची वहिनी नवऱ्याशी अबोला धरून बसली होती, तिला म्हणाली, "तू 'कोर्टाची तारीख' बघ. तीन वर्षं झाली, त्यांचा घटस्फोट होत नाही. तेवढ्यात दोघांनी मिळून घर रंगवलं. बघ आणि आज रात्री त्याला जेवायला वाढ."

सगळ्यांत वरची मात्र एकच, 'उंबऱ्याआतली माणसं'. ही ती सगळ्यांना सांगत नसे. त्यातली धाकटी सून म्हणजे आक्काचा जीव की प्राण. काय तो आवाज! "आई, तुम्ही बसा, मी आहे ना." "आई, गोळी घेतलीत का? थांबा, मी देते." "आई, तिजोरीची चिंता तुम्ही कशाला करता? मी बघते." मध्येच बोलणं थांबून नुसती वाद्यं वाजायची, धडाड धूम, बराच वेळ. तेव्हा ती पोर कुठेतरी कोपऱ्यात एकटीच रडत असणार, असा आक्काचा समज. सासू दिवसेंदिवस खंगत चालली होती, थोरली सून रोज भांडत होती, आणि ही बिचारी सगळ्यांचं करत होती.

"मुलगी असावी तर अशी," आक्का म्हणायची.

आक्काला स्वतःची एक मुलगी होती, धाकटी, आणि ती अशी नव्हती. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांना सुया टोचायची आणि संध्याकाळी घरी येऊन शब्द. वयाने तिशीला टेकली होती. आधी तीन-चार ठिकाणी बोलणी झाली, ती दोन बैठकांपलीकडे गेली नाहीत. पहिल्या बैठकीत पाहुण्यांना धाकटी दिसली, दुसरीत आक्का.

आणि आता मात्र जमत आलं होतं. लॅबच्या खालीच औषधांचं दुकान होतं, तिथला मुलगा. शांत, सावकाश बोलणारा. धाकटीने एक दिवस त्याला चिठ्ठीतलं औषध चुकीचं काढल्याबद्दल सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झापलं, आणि तेव्हापासून तो तिच्यासाठी दुपारचा चहा मागवून ठेवायला लागला. दोघांचं पक्कं झालं होतं. अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. नवरा गेल्यावर तिने एकटीने दुकान चालवलं, मुलाला शिकवलं. औषधवाल्या बाई म्हणून सगळ्या बाजारात मान. मुलाने सांगून ठेवलं होतं, "आई हो म्हणाली तरच. तिने माझ्यासाठी एवढं केलंय, तिला दुखवून मी काही करणार नाही." धाकटीलाही ते पटलं होतं, आणि धाकटीला सहसा काही पटत नसे.

औषधवाल्या बाई उन्हाळ्याच्या तोंडावर आक्काकडे आल्या. बोलणं चांगलं झालं. आक्काने जीभ आवरली होती, इतकी की सूनबाई चहा घेऊन आली ती सासूला बरं नाही की काय असं बघत राहिली.

"मी महिनाभर बहिणीकडे जातेय," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "आल्यावर काय ते कळवते. घाई नको."

"नकोच घाई," आक्का म्हणाली.

"बहिणीकडे दुपारी फार कंटाळा येतो हो. सगळे पंख्याखाली लोळत असतात. लोक म्हणतात, तुम्ही मालिका छान सांगता. सांगा ना एखादी. जुने भागही आता मोबाइलवर मिळतात सगळे."

आक्काच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने आपला सगळ्यांत वरचा पत्ता टाकला. "'उंबऱ्याआतली माणसं' बघा. पहिल्या भागापासून बघा, एकही सोडू नका. आणि त्यातली धाकटी सून नीट बघून ठेवा." इथे ती जरा पुढे झुकली. "आमची धाकटी आहे ना, ती अगदी तशी. वरून जरा खरखरीत वाटते, पण आतून तीच. तिला बघितलंत की आमच्या मुलीला बघितलंत."

मागच्या कारखान्यात मशिनी चालू होत्या. त्या सहाच्या सहा एकदम थांबल्या.

"काय झालं गं?" आक्का ओरडली.

"दोरा तुटला," आतून आवाज आला.

"सहाजणींचा?"

सहाही मशिनी एकदम परत धडधडायला लागल्या.

त्यानंतरचे दिवस कारखान्यात विचित्रच गेले. बायका कुजबुजायच्या, आक्काकडे बघायच्या, मग कापडाकडे. त्यातली एक लांब वेणीची, नुकतीच लागलेली, मनात काही ठेवता न येणारी. दुसरी सगळ्यांत जुनी, तिला सगळे कुरकुरी म्हणत, कारण तिच्या मशिनीपेक्षा ती जास्त वाजायची. लांब वेणीवाली म्हणाली, "आक्कांना सांगायला पाहिजे."

"सांग की," कुरकुरी म्हणाली. "काय सांगशील? 'आक्का, मी दोन महिने झाले मान वर करून बघतेय, म्हणून मला माहीत आहे,' असं?"

"तुम्ही सांगा ना मग. तुम्ही जुन्या."

"मी दोन वर्षं बघतेय. मला तर दोन वर्षांची शिलाई उसवायला लावील."

सूनबाईनेही एकदा प्रयत्न केला. ती कारखान्यात पडद्यांच्या रिंगा मोजायला यायची, तेवढ्यात तिलाही दोन-चार भाग दिसले होते. "आई, ती मालिका... म्हणजे बाईंना जरा वेगळीच वाटली तर?"

"वेगळीच आहे. म्हणून तर सांगितली."

"तसं नाही, त्यातली ती धाकटी सून..."

"का? तिचं नाव काढलं की तुला का झोंबतं? घे काहीतरी तिच्याकडून. चार दिवसांत एकदा तरी विचारतेस का मला, आई, गोळी घेतलीत का?"

"नाही विचारत," सूनबाई म्हणाली आणि रिंगा मोजायला लागली. जे होईल ते होईल, असा विचार तिने केला असावा. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनेही तोच केला असता.

महिना सरत आला तेव्हा एका दुपारी धाकटी लॅबमधून अर्ध्या दिवसात घरी आली. चप्पल न काढता थेट कारखान्यात. टीव्ही चालू होता, तो तिने बंद केला. मशिनी थांबल्या.

"आई, तू त्यांना कसली मालिका बघायला सांगितलीस?"

"चांगली सांगितली. का?"

"त्यांनी गोळ्या कुलपात ठेवल्यात."

"कोणी?"

"त्याच्या आईने! बहिणीच्या घरी बसून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या डब्यात घालून डब्याला कुलूप लावलंय. किल्ली गळ्यात. मुलाला फोन करून म्हणाल्या, 'तिची आईच सांगते ती कशी आहे, मग मी कशाला वेगळं बघायला पाहिजे? वर ती सुया टोचायचं कामही करते.' आल्या की सरळ नाही म्हणणार आहेत. तो काय करणार? सकाळपासून दुकानात बसून चुकीची औषधं काढतोय."

"पण त्यात काय वाईट आहे?" आक्का खरोखरच गोंधळली होती. "ती पोर सासूचं एवढं करते..."

"आई, ती सासूच्या गोळ्या बदलते!"

"कोण म्हणतं?"

"सगळं जग म्हणतं! तोंडाने गोड बोलते आणि हाताने गोळ्या बदलते. तू बघितली आहेस का कधी ती मालिका?"

"दोन वर्षं बघतेय."

"ऐकतेयस. दोन वर्षं ऐकतेयस, आई."

आक्काने टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला. मग तिने सहाजणींकडे पाहिलं. "काय गं? बदलते का ती गोळ्या?"

इस्त्रीची वाफ फुसकन सुटली तेवढीच.

"आम्हाला काय माहीत, आक्का," कुरकुरी अगदी गरीब तोंड करून म्हणाली. "आमचे डोळे कापडावर."

"बरोबर," बाकीच्या म्हणाल्या. "कापडावर."

"बघ," आक्का धाकटीला म्हणाली.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत पाणी बघायची तिथे कोणालाच सवय नव्हती, आक्कालासुद्धा. लांब वेणीवालीला ते सहन झालं नाही.

"बदलते," ती म्हणाली. "मी लागले त्याच्याही आधीपासून बदलते. निळ्या काढते आणि पांढऱ्या ठेवते."

"पांढऱ्या नंतर," दुसरी म्हणाली. "आधी पिवळ्या होत्या."

"थोरलीला जिन्यावरून ढकललं तेव्हा पिवळ्या."

"ढकललं?" आक्का म्हणाली. "ती तर म्हणत होती, 'वहिनी, जपून हं.'"

"तेच म्हणत ढकललं," कुरकुरी म्हणाली आणि जीभ चावली.

उसवायची शिक्षा त्या दिवशी कोणाला झाली नाही. आक्का उठून घरात गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. आत ती काय करत होती ते सूनबाईने दाराच्या फटीतून पाहिलं. काही करत नव्हती. पलंगाच्या कडेवर बसली होती, हात मांडीवर, आणि मधूनच ओठ हलवत होती. भांडणाची तयारी करत होती, पण भांडायला समोर कोणी सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "फोन कर त्यांना. म्हण, मी न बघता सांगितलं. चुकलं म्हण."

"मी?"

"तूच. मी सांगितलं तर म्हणतील, बघा, किती गोड बोलते."

आक्काने फोन हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून बसली. चुकलं हा शब्द तिच्या तोंडातून आजवर निघाला नव्हता असं नाही. निघाला होता, पण नेहमी 'तुझं' त्याच्या आधी लागलेलं असायचं. शेवटी तिने फोन लावला. पलीकडून आवाज आला तशी म्हणाली, "बाई, तुम्ही परत आलात की आमच्याकडे या. दुपारी या, कारखाना चालू असताना. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हणा. फोनवर नाही म्हणायची पद्धत मला आवडत नाही." आणि ठेवून दिला.

धाकटीने कपाळावर हात मारला.

औषधवाल्या बाई आल्या त्या ठरवूनच आल्या होत्या. चेहरा कसा दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरसारखा. धाकटी लॅबला न जाता इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. मुलगा आला नव्हता. तो दुकानात होता आणि दर थोड्या वेळाने धाकटीचा फोन थरथरत होता.

"आक्का, मी स्पष्टच बोलायला आलेय," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणालात, आमची धाकटी अगदी तिच्यासारखी. आईइतकं मुलीला कोण ओळखणार? तुम्ही खरं सांगितलंत हा तुमचा मोठेपणा. पण मला अजून जगायचंय हो."

"जगा की," आक्का म्हणाली. "कोण नको म्हणतंय? पण आधी बसा. तिथे नको. इथे."

तिने स्वतःची खुर्ची मागे ओढली. सहाजणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या खुर्चीत आजवर आक्काचा नवराही बसला नव्हता, हयात होता तेव्हा. औषधवाल्या बाई काही न कळून बसल्या.

"आता मागे वळायचं नाही," आक्का म्हणाली. "मी दोन वर्षं जशी बसते तसं बसायचं. समोर बघायचं." मग बायकांकडे वळून, "आणि तुम्ही आपलं काम करा. रोज करता तसंच. समजलं ना? रोज करता तसंच." तिने टीव्ही लावला, आणि उभं राहायला जागा हवी म्हणून मशिनींच्या कडेला, भिंतीशी, धाकटीपाशी जाऊन थांबली. तिथून टीव्हीही दिसत होता आणि बायकांची तोंडंही.

वेळ 'उंबऱ्याआतल्या माणसां'चीच होती.

"आई," टीव्हीतून आवाज आला, मधात बुडवून काढल्यासारखा, "आज मी तुमच्यासाठी सूप केलंय. तुमच्या हातात बळ नाही, मी भरवते. दमू नका हं."

औषधवाल्या बाई ताठ बसल्या होत्या. हळूहळू त्यांची मान एका बाजूला कलली. "आवाज गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "बघताना लक्षातच नाही आलं कधी."

"गोडच आहे," आक्का म्हणाली. "मी काय बहिरी आहे?"

मग वाद्यं वाजायला लागली. धडाड धूम. आणि आक्काने पहिल्यांदाच त्या वाद्यांच्या वेळी टीव्हीकडे पाहिलं. तिच्या मनातली पोर गोल चेहऱ्याची होती, खाली बघणारी. ही तर लांबोडकी निघाली, भुवया अशा की जणू कोणी त्या मापपट्टी लावून आखल्यात. ती रडत नव्हती. सुपाच्या वाटीवर हात धरून ती बोटांतून काहीतरी सोडत होती, आणि हसत होती. आक्काच्या तोंडून "अगं बाई" निघालं, पण ते वाद्यांत कोणाला ऐकू गेलं नाही; सहाही मशिनी थांबल्या होत्या आणि लांब वेणीवालीने जोरात श्वास घेतला होता.

आक्काची नजर तिच्याकडे गेली, मग तिच्या पुढचीकडे, मग सगळ्यांकडे. डोळे मोठे. तोंडं अर्धी उघडी. कुरकुरीचा हात छातीवर. सगळ्या आक्काच्या खुर्चीकडे बघत होत्या. पण खुर्चीत आक्का नव्हती. खुर्चीत औषधवाल्या बाई होत्या, आणि औषधवाल्या बाईंना घाबरायचं या बायांना काय कारण?

आक्काने पाठीमागच्या ताग्याला हात लावून आधार घेतला. किती वर्षांचा धाक, आणि तो निम्मा त्या भुवयावालीचा होता. निम्मा तरी आपला असेल का, हेही विचारायची सोय नव्हती.

"अहो, काय केलं तिने आता?" औषधवाल्या बाईंना खुर्चीत राहवत नव्हतं. "सुपात घातलं ना काहीतरी? या सगळ्यांच्या तोंडावर दिसतंय की!"

"भुकटी," लांब वेणीवाली म्हणाली. "बरीच घातली."

आणि औषधवाल्या बाई हसायला लागल्या. आधी रुमालात, मग उघड. खुर्ची हलायला लागली. "म्हणजे तुम्ही इथे बसून... दोन वर्षं... आणि या समोर सगळ्या..." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आणि कोणी एक शब्द सांगितला नाही तुम्हाला?"

"मान वर करायला बंदी होती," कुरकुरी म्हणाली.

"बरं, झालं का सगळ्यांचं हसून?" आक्का म्हणाली. "आता ऐका, बाई. मी खोटं बोलले नाही. मला जेवढं कळत होतं तेवढं सांगितलं. कमी कळत होतं, एवढंच." एवढं बोलून ती थांबली. यापुढे तिला जाता येणार नव्हतं, आणि खोलीतल्या कोणीच त्यापुढची अपेक्षाही केली नव्हती.

औषधवाल्या बाईंनी चष्मा परत चढवला. हसू गेलं होतं. "ते कळलं. पण मग मी आता काय समजायचं? तिच्यासारखी नाही, तर कशी आहे तुमची मुलगी? मला माझा एकुलता एक मुलगा द्यायचाय. मालिकेतलं नको. बघून सांगा."

धाकटी तिथेच उभी होती, हातभर अंतरावर. फोन थरथरत होता, तो तिने दाबून धरला होता. आक्काने तिच्याकडे पाहिलं. काल सकाळीही पाहिलं असेल, पण ते केस नीट बांध म्हणायला.

"तोंडाची फाटकी आहे," आक्का म्हणाली.

"आई!"

"थांब, मला विचारलंय. तोंडाची फाटकी आहे. गोड बोलायला येत नाही, मी शिकवलं नाही, मलाच येत नव्हतं. तुम्हाला कधी आई, बसा, मी आहे ना, असं म्हणेल असं वाटत नाही. म्हणाली तर सावध व्हा. तुमची गोळी चुकली तर ओरडेल. घेतली तर खरंच घेतली का म्हणून तोंड उघडून बघेल. घरात कोणाचं काही आवडलं नाही तर तोंडावर सांगेल, मागे एक अक्षर बोलणार नाही, म्हणून घरात शांतता अशी मिळणार नाही तुम्हाला. आणि माझा बाप आजारी होता तेव्हा ही पोर सहा महिने त्याच्या खोलीत झोपली. रोज त्याच्याशी भांडायची. तो गेला त्या दिवशी म्हणाला, आता माझ्याशी कोण भांडणार? हे मी पाहिलंय. ऐकलेलं नाही."

खोलीत टीव्हीतली सासू खोकत होती. कोणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"माझ्याशी भांडशील?" औषधवाल्या बाईंनी धाकटीला विचारलं.

"तुम्ही रक्तदाबाची गोळी सकाळी घेता का रात्री?" धाकटी म्हणाली.

"आठवेल तेव्हा."

"आठवेल तेव्हा? तुम्ही औषधांचं दुकान चालवता! आणि वरून कुलूप लावलंय म्हणे. कुलूप काय कामाचं? गोळी पोटात गेली पाहिजे, डब्यात नाही. उद्या रिकाम्या पोटी लॅबमध्ये या, मी स्वतः रक्त काढते."

औषधवाल्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर, कापलेल्या पडद्याच्या तुकड्यावर ठेवली आणि एक मोठा श्वास सोडला. "दुकानात गिऱ्हाइकांसमोर माझ्या मुलाला झापलं होतंस ना तू? तेव्हा मी गल्ल्यावर होते. मला तेव्हाच वाटलं होतं, ही बरी आहे. मग ही मालिका बघितली आणि सगळं डोक्यातून गेलं." त्या उठल्या. "उद्या किती वाजता येऊ?"

धाकटीने वेळ सांगितली आणि फोन कानाला लावून बाहेर पळाली. बाहेरून तिचा आवाज येत होता. ती त्याला झापत होती, की आता तरी औषधं नीट काढ.

दारापर्यंत जाऊन औषधवाल्या बाई वळल्या. "आणि हो, माझे अलीकडचे आठ-दहा भाग राहिलेत. कोणी काही सांगू नका हं. ती सापडते की नाही, मला बघायचंय."

त्या गेल्यावर बायका हळूच मशिनीवर बसल्या. सूनबाई चहाचे कप गोळा करायला आली होती. तिने जरा भीतभीतच विचारलं, "आई, हे घरी आले की टीव्ही समोरच्या भिंतीवर लावायला सांगू का ह्यांना? म्हणजे तुम्हालाही दिसेल."

"कशाला? मग मी कापड कधी कापू?" आक्काने खुर्ची पुढे ओढली, पाठ टीव्हीकडे करून बसली आणि कापडावर खडूने रेघ मारली. "बघू देत त्यांना. घाबरतात तरी. कोणाला का घाबरेनात, शिलाई सरळ येते."

सहाच्या सहा माना खाली गेल्या. दोघी-तिघी ओठ चावत होत्या.

"आणि मला एक सांग," आक्का सूनबाईला म्हणाली. "त्या बाई महिनाभर बघत होत्या ना ती मालिका?"

"हो."

"एक तरी भाग सोडला?"

"नाही, तसं तर नाही..."

"त्यांच्या बहिणीने?"

"ऐकलं, की बहिणीच्या घरी जेवायची वेळ बदलली त्या मालिकेसाठी."

"आता राहिलेले भागसुद्धा बघणार आहेत. म्हणजे मालिका बघण्यासारखी होती की नव्हती?"

सूनबाईने कप उचलले, परत खाली ठेवले.

"होती," ती म्हणाली.

"मग एवढा आरडाओरडा कशासाठी केलात सगळ्यांनी?" आक्का म्हणाली. "मी मालिका सांगते ती बघण्यासारखीच सांगते." आणि तिने कात्री चालू केली.